पेशंटचं स्टूल

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर सगळ्यांच्या डोळ्यांवर पेंग असताना, शिकवणाऱ्या बाईंनी आतल्या खोलीतून एक गोल स्टूल आणून हॉलच्या मधोमध ठेवलं आणि थोरले डॉक्टर खुर्चीत उगीचच सावरून बसले. स्टूल साधंच होतं. लोखंडी पाय, वर काळ्या रेक्झिनची गादी, गादीच्या कडेला शिवण उसवलेली. असलं स्टूल कुठल्याही दवाखान्यात असतं, डॉक्टरांच्या टेबलाच्या एका अंगाला, हात लांबवला की पेशंटची नाडी सापडेल इतक्या अंतरावर. हॉलमध्ये जमलेले सगळे फॅमिली डॉक्टर होते आणि प्रत्येकाचं निम्मं आयुष्य असल्या स्टुलासमोर गेलं होतं. पण समोर. त्याच्यावर बसायची वेळ कुणावर आली नव्हती, किंवा आली असली तर ती कुणी दिसू दिली नव्हती. बाई म्हणाल्या, आता एकेकानं यायचं आणि इथं बसायचं. काय होतंय ते सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाही वाटलं तर नुसतं बसून परत जायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, औषध कुणी सुचवायचं नाही. हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी विचारलं की आधी नंबर लावायचा का, आणि हशा पुन्हा एकदा फिरून आला. मग तो विरला, आणि लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाईंची नजर फिरत फिरत थोरल्यांवर येऊन थांबली. हॉलमध्ये वयानं तेच सगळ्यांत मोठे होते.

खरं तर या प्रशिक्षणाला यायची त्यांची इच्छाच नव्हती. डॉक्टरांचं स्वतःचं मन आणि शरीर धड राहावं म्हणून दवाखान्याच्या प्रमुखांना नेतृत्व शिकवायचं, अशी काहीतरी ती योजना होती. ‘नेतृत्व’ हा शब्द वाचून त्यांना हसू आलं होतं. आपण काय मोर्चे काढणार आहोत, की निवडणुकीला उभे राहणार आहोत? पण त्यांच्या दवाखान्यात वर्षभरापूर्वी आलेल्या नव्या डॉक्टरणीनं त्यांचं नाव परस्पर घालून टाकलं होतं, आणि बायको म्हणाली होती, जाऊन या, दोन दिवस कुणीतरी दुसरं बोलेल आणि तुम्ही ऐकाल, तेवढाच बदल. पहिला दिवस त्यांनी हाताची घडी घालून काढला. पडद्यावर आकडे आले, किती डॉक्टरांना झोप लागत नाही, किती जण पेशा सोडायचं मनात घोळवत असतात. हे सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावर वाचायला माणूस कशाला लागतो, असं त्यांना वाटत राहिलं. बाईंचं एक वाक्य मात्र कानात कुसळासारखं राहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की दवाखान्याच्या प्रमुखाचा पहिला पेशंट बाहेर बाकावर बसलेला नसतो, तो शेजारच्या खोलीत बसून पेशंट तपासत असतो.

थोरले उठले. स्टुलापर्यंत गेले. गादीवर हात ठेवून त्यांनी ती एकदा गोल फिरवली, आटे करकरले. बसायचं म्हणून त्यांचे गुडघे जरासे वाकलेही होते. पण तेवढ्यात त्यांना समोरचे सगळे चेहरे दिसले, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, “बाई, या वयात मी एकदा यावर बसलो तर ही मंडळी मला थेट ॲडमिटच करतील. त्यापेक्षा उभा आहे तो बरा आहे.” हॉल मनमोकळा हसला. बाईही हसल्या, पण त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. ‘काही नाही, सहज आलो होतो’ म्हणणाऱ्या पेशंटकडे आपण बघतो तशा. थोरले परत आपल्या खुर्चीकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत त्यांना ते हसणं ओळखू आलं. हॉलचं नव्हे, स्वतःचं. गंमत करताना गळ्यातून येणारा तो मऊ, वडीलधारा, समोरच्याच्या पाठीवर थाप मारणारा आवाज. हाच आवाज, असंच स्टूल, आणि स्टुलावर बसलेला धाकटा. ते खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या कानात हॉलमधलं काही शिरत नव्हतं.

धाकटा त्यांचा भाऊ नव्हता. तो दवाखान्यात आला तेव्हा त्यांना ‘सर’ म्हणायचा. पण एकाच दवाखान्यात शेजारच्या खोल्यांत दोन डॉक्टर, दोघंही उंच, दोघंही चष्मेवाले, म्हटल्यावर पेशंटांनीच त्यांना थोरले आणि धाकटे करून टाकलं. सुरुवातीला ते खोडून काढायचे, मग कंटाळले, मग त्यांना ते आवडायला लागलं. धाकटा एक दिवस ‘सर’ म्हणायच्या जागी ‘दादा’ म्हणून गेला आणि जीभ चावली, तेव्हा थोरले म्हणाले, असू दे, गावानं ठरवलंय तर आपण कोण मोडणार. थोरल्यांना सख्खा भाऊ नव्हता, मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं दवाखाना कोण चालवणार हा प्रश्न त्यांनी धाकट्याच्या रूपानं सोडवून टाकला होता, आणि सुटलेल्या गणिताकडे माणूस पुन्हा बघत नाही.

धाकट्याचा हात मुलांच्या बाबतीत विलक्षण होता. किंचाळत आलेलं पोर त्याच्या खोलीत गेलं की पाचव्या मिनिटाला त्याचा स्टेथोस्कोप स्वतःच्या कानात घालून त्याचीच छाती तपासत असायचं. त्याचा वेळ मात्र फार जायचा. थोरल्यांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर मागं, डोक्यावर, भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं. ही त्यांच्या गुरूंनी शिकवलेली युक्ती होती. घड्याळ डॉक्टरला दिसायला नको, पेशंटला दिसायला हवं. मग बोलणं आवरतं घ्यायला सांगावं लागत नाही, तो आपण होऊन आवरतो. ही युक्ती त्यांनी धाकट्याला पहिल्याच आठवड्यात मोठ्या प्रेमानं सांगितली होती. त्यानं मान डोलावली आणि आपल्या खोलीत घड्याळ कधी लावलंच नाही. थोरले चिडवायचे, तुझ्याकडे लोक तपासायला येत नाहीत रे, वस्तीला येतात. आणि बाहेरची बाकं भरून वाहायला लागली की त्याच्याच खोलीकडे आणखी दोन पेशंट वळवायचे. चालत्या बैलालाच पराणी टोचतात, त्यातली गत. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. उलट तो करतो, निमूट करतो, चांगलं करतो, म्हणून त्यांना त्याचा अभिमान वाटायचा, आणि त्या अभिमानापोटीच त्यांनी त्याच्या रविवारच्या सकाळीही दवाखान्याला जुंपल्या होत्या.

हॉलमध्ये आता एक प्रौढ डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, अगदी पेशंटसारखी. त्या म्हणत होत्या की हल्ली समोरचा माणूस दुखणं सांगायला लागला की त्यांना त्याच्या ओठांची हालचाल दिसते, शब्द ऐकू येत नाहीत, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगणार कुणाला, सगळे ओळखीचे डॉक्टरच. कुणी हसलं नाही. थोरल्यांच्या शेजारी बसलेल्या टकल्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायला ते विसरले. थोरल्यांना वाटलं, एवढंच तर करायचं होतं. कुणी काही बोललं नाही, एवढंच तर यांनी केलं.

ती दुपार त्यांना तुकड्या-तुकड्यांनी आठवत होती, आणि तुकडे नको इतके स्वच्छ होते. सकाळची गर्दी ओसरली होती, पण बाहेर अजून चारदोन माणसं होती. ते कुणाचा तरी एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. दार वाजलं नाही, धाकटा तसाच आत आला. कायम तो दाराशी उभा राहून बोलायचा, एक खांदा चौकटीला टेकवून. डॉक्टर डॉक्टरला असंच विचारतो, उभ्या उभ्या, जाता जाता, ‘जरा हे बघता का’ म्हणून; बसून विचारलं तर ते दुखणं होतं, उभ्यानं विचारलं तर नुसती चर्चा. त्या दिवशी तो चौकटीशी थांबला नाही. टेबलाला वळसा घालून आला आणि पेशंटच्या स्टुलावर बसला. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर केलेले. थोरल्यांनी एक्स-रे खाली केला, त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. खरोखरच हसू आलं, कारण एवढा उंच माणूस त्या बुटक्या स्टुलावर गुडघे वर करून बसलेला विचित्र दिसत होता. ते म्हणाले, “अरे, हे काय! तिथं काय बसतोस? पेशंटचं स्टूल आहे ते. ऊठ, बाहेर लोक ताटकळलेत, उद्या म्हणतील डॉक्टरच आजारी पडले.”

धाकट्यानं वर पाहिलं. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या डोक्यावर, भिंतीकडे. मग तोही हसला. “काही नाही दादा, डुगडुगतंय का बघत होतो,” म्हणाला, आणि उठला. उठताना गादीवर हात टेकवून त्यानं स्टूल जरा हलवूनही दाखवलं. आणि थोरल्यांनी काय करावं? त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि सांगितलं की ते स्टूल डुगडुगतंय, आजच दुरुस्तीला टाक. दुसऱ्या दिवशी स्टूल घट्ट होऊन परत आलं. त्याचं त्यांना त्या वेळी समाधानही वाटलं होतं, दवाखान्यातली तक्रार हातासरशी निकालात काढल्याचं.

आता हॉलच्या त्या मऊ खुर्चीत बसून त्यांना वाटलं, अंगावरची कातडी काढून ठेवावी. पेशंट म्हणतो डोकं दुखतंय आणि दुखत असतं दुसरंच काही, हे त्यांनी हजारदा ओळखलं होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ‘जाता जाता एक विचारू का’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी हाताला धरून परत बसवलं होतं आणि त्याच्या छातीतली कळ वेळेवर पकडली होती. घोडं कुठं पेंड खातं ते त्यांना नेमकं कळायचं, परक्यांच्या बाबतीत. आणि जो माणूस त्यांच्या डब्यातली भाजी विचारल्याशिवाय वाढून घ्यायचा, तो त्यांच्यासमोर तळवे उघडे टाकून बसला, तर त्यांनी त्याला गमतीनं उठवलं. गमतीनं. रागानं उठवलं असतं तर निदान तो भांडला असता. हसून सांगितलेल्या गोष्टीला माणूस काय उत्तर देणार?

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी तो आला नाही. म्हणजे आला होता. कंपाउंडरनं पाहिलं होतं, दवाखान्याच्या फाटकापर्यंत स्कूटर आली, धाकटे डॉक्टर हेल्मेटसकट तसेच बसून राहिले, काचेतून दिसणाऱ्या बाकांवरच्या डोक्यांकडे बघत, आणि मग त्यांनी स्कूटर वळवली. थोड्या वेळानं फोन आला. “दादा, मी येत नाहीये.” थोरले एका पोराच्या घशात बॅटरी मारत होते. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून ते म्हणाले, बरं, आजचे तुझे मी बघतो, तू उद्या ये. पलीकडून तो म्हणाला, बरं. तो उद्या आला नाही, परवाही नाही. त्यांनी फोन केले, पण त्या फोनांत ते काय बोलले होते? मुलांच्या आया विचारतात, म्हणाले. विश्रांती घे, म्हणाले. रक्त तपासून घे, व्हिटॅमिन कमी असेल, असंही म्हणाले. एकदा घरीही गेले, पण दारातूनच, कारण खाली गाडी चालू ठेवली होती. मग लोक विचारायला लागले आणि त्यांनी एक उत्तर तयार केलं, त्याला ताण झेपला नाही. हळूहळू त्या उत्तरात ‘बिचाऱ्याला’ हा शब्द आला. वेळ मारून न्यायला ते उत्तर इतकं सोयीचं होतं की काही दिवसांनी त्यांना स्वतःलाही ते पटलं. फक्त धाकट्याची खोली त्यांनी कुणाला दिली नाही. नवी डॉक्टरीण आली, तिला त्यांनी ड्रेसिंगच्या खोलीत टेबल मांडून दिलं. तिथं खिडकी नव्हती. ती कधी कुरकुरली नाही, आणि ती कुरकुरत नाही हे त्यांना आवडत होतं.

संध्याकाळी निरोप घेताना बाईंनी सगळ्यांना एक काम दिलं. आपल्यासोबत काम करणाऱ्या किंवा केलेल्या एका डॉक्टरकडे जायचं, बसायचं, कसा आहेस विचारायचं आणि मग गप्प राहायचं. उत्तर येईपर्यंत. टकले डॉक्टर म्हणाले की गप्प राहायचं काम घरी बायको रोज करून घेते. थोरल्यांना या वेळी हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी घराकडे वळण घेतलंच नाही. ते धाकट्याला परत आणायला निघाले होते. असं त्यांनी शब्दांत मनाशी म्हटलं नाही, पण वाटेत त्यांच्या डोळ्यांसमोर त्याची खोली झाडून-पुसून उघडलेली दिसत होती, आणि आपण दाराशी उभं राहून सांगतोय की दिवसाला मोजकेच पेशंट घे, रविवार तुझा, घड्याळ नको असेल तर नको. त्याला दवाखाना देऊन आपण निवांत घरी बसलोय असं बरीच वर्षं पाहून ठेवलेलं चित्र त्यांनी झटकून पुन्हा टांगलं. एक माफी मागितली की हे सगळं होणार होतं. एवढी वर्षं ती मागितली नाही याचंच त्यांना आता नवल वाटत होतं.

दार धाकट्याच्या बायकोनं उघडलं. ती दचकली, मग म्हणाली, दादा, या ना, आणि तिनं खुर्चीवरची इस्तरीच्या कपड्यांची चळत उचलली. धाकटा आतून ओले हात पुसत आला. अंगानं भरला होता. चेहऱ्यावरची तेव्हाची ताणलेली कातडी सैल झाली होती, आणि तो बरा दिसतोय याचं थोरल्यांना आधी बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. तो आता एका विमा कंपनीच्या कचेरीत बसून लोकांच्या तपासण्यांचे कागद वाचायचा. कसं काय चाललंय म्हटल्यावर म्हणाला, छान आहे, कागदाला ताप येत नाही. चहा आला. थोरल्यांनी प्रश्न जिभेवर घोळवून ठेवला होता, पण तेवढ्यात आतून त्याची लहान मुलगी आली, गाल लाल, डोळे जड, आणि आईच्या पदराला चिकटली. आई म्हणाली, कालपासून अंग कोमट आहे, उद्या दाखवायला नेणारच होतो.

थोरल्यांनी धाकट्याकडे पाहिलं. कालपासून म्हणजे? घरात डॉक्टर असताना? धाकट्यानं हात पाठीमागं नेले आणि एकात एक गुंफले. “दादा, तुम्ही आलाच आहात तर जरा बघता का?” तो म्हणाला. “मी आता हात लावत नाही कुणाला.” अगदी साधेपणानं म्हणाला, मी रात्रीचा भात खात नाही असं सांगावं तसं. थोरल्यांनी मुलीला जवळ घेतलं, कपाळ पाहिलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा पाहिला, मानेच्या गाठी चाचपल्या. पोर आक्रसून रडायला लागलं. तो असता तर हसलं असतं. तो तिथंच होता, चार हातांवर, दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, आणि त्याची बोटं पाठीमागं एकमेकांत इतकी घट्ट होती की दंडावरच्या शिरा दिसत होत्या. घसा सुजलाय, बाकी काही नाही, थोरले म्हणाले, आणि काय द्यायचं ते सांगितलं. धाकट्यानं मान हलवली. त्याला हे सगळं त्यांच्या आधी कळलेलं होतं, हे त्या मान हलवण्यातच दिसत होतं. तेव्हा थोरल्यांना पहिल्यांदा कळलं की मोडलंय ते कामाच्या ओझ्यानं दुखावलेलं काहीतरी नाही, जे विश्रांतीनं भरून येईल. एक हात होता, तो गेला होता.

मायलेकी आत गेल्या. थोरल्यांनी कप खाली ठेवला. “एक दिवस तू माझ्या खोलीत पेशंटच्या स्टुलावर येऊन बसला होतास,” ते म्हणाले, “आणि मी तुला उठवलं. हसून. आठवतं तुला? मला आज...” त्यांनी कप बशीत सरळ केला. “मला विचारायला हवं होतं रे. माझं चुकलं.”

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीसा आश्चर्यानं.

“तुम्हाला ती एकच वेळ आठवते का, दादा?” तो म्हणाला. “मी त्या वर्षात पुष्कळदा बसायचो तिथं. कधी तुम्ही खिडकीकडे तोंड करून फोनवर असायचात, कधी बेसिनपाशी हात धुवत असायचात, पाठमोरे. मी बसून बघायचो, वळताय का. मग बाहेर कुणीतरी खोकायचं आणि मी उठायचो.”

‘मग बोलला का नाहीस’ हे वाक्य थोरल्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. गप्प राहा, बाई म्हणाल्या होत्या. ते गप्प राहिले. प्रशिक्षण कामी आलं होतं, पण बैल गेला नि झोपा केला, त्याचा काय उपयोग? धाकटा आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले. आतून मुलीच्या कण्हण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे होतं ते त्या वर्षातच संपलं होतं. अखेर न राहवून थोरले म्हणाले, तुझी खोली मी तशीच ठेवलीय. धाकटा हसला, आणि त्या हसण्यात माया होती, तेच सोसेना. “नव्या डॉक्टरांना द्या ती,” तो म्हणाला. “तिथं खिडकी आहे. दुपारी बरं वाटतं.” मग त्यानं त्यांना गाडीपर्यंत सोडलं, दार लावून दिलं आणि सांभाळून जा म्हणाला.

दवाखान्यात दिवा होता. रविवारची झाडलोट करायला कंपाउंडर आलेला असणार, मागं बादलीचा आवाज येत होता. थोरले आपल्या खोलीत शिरले आणि दिवा लावून उभे राहिले. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. हात धुताना मागं स्टूल करकरलं असेल का? फोन ठेवून वळताना कुणी दारातून बाहेर पडताना दिसलं असेल का? पांढऱ्या कोटाचं एखादं टोक? त्यांनी एकेक दुपार उलटीपालटी केली. पेशंट आठवले, त्यांची दुखणी, त्यांना दिलेल्या गोळ्यांची नावंसुद्धा आठवली. धाकटा बसलेला कुठंच दिसेना. जी गोष्ट विसरली असती तरी चाललं असतं ती लख्ख आठवत होती, आणि बाकीच्या त्यांना विसरताही येत नव्हत्या, कारण त्या मुळात पाहिल्याच नव्हत्या. त्या एका दुपारची माफी मागून मोकळं व्हायला निघालेल्या माणसाला आता कशाची माफी मागायची तेही माहीत नव्हतं.

मग ते टेबलाला वळसा घालून आले आणि स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते फारच बुटकं होतं. गुडघे छातीकडे आले, हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. इथून त्यांची रिकामी खुर्ची केवढी उंच दिसत होती. आणि खुर्चीच्या वर घड्याळ होतं. दुसरं काही दिसतच नव्हतं. भिंतीवरची प्रमाणपत्रं, खिडकी, सगळं बाजूला पडलं होतं आणि समोर ती तबकडी, तिचा सरकणारा काटा, जणू कुणी वर उभं राहून पायानं ताल धरलाय. बाहेर एकही पेशंट नव्हता, तरी त्यांना आपण कुणाचा तरी वेळ खातोय असं वाटायला लागलं. छातीत काहीतरी जमून वर यायला लागलं. रडू असेल, किंवा नुसताच एखादा शब्द. ते येऊ द्यावं असं त्यांनी ठरवलं.

दार लोटून कंपाउंडर आत आला, हातात ओलं फडकं. त्यांना पाहून तो थबकला आणि मग त्याला हसू फुटलं.

“हे काय साहेब,” तो म्हणाला, “पेशंटच्या स्टुलावर?”

त्या हसण्यात काही वावगं नव्हतं. माणूस चांगला होता, पुष्कळ वर्षांचा होता, सांगितलं असतं तर फडकं टाकून समोर बसला असता. थोरल्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना आपलं हसणं ऐकू आलं, मऊ, नेहमीचं.

“काही नाही रे,” ते उठत म्हणाले, “डुगडुगतंय का बघत होतो.”

“छे, आता कुठलं डुगडुगतंय,” कंपाउंडर म्हणाला, “ते तर तेव्हाच दुरुस्त करून आणलंय.” आणि त्यानं गादीवरून फडकं फिरवून स्टूल टेबलाखाली सरकवलं.